उतरवलेलं हँडल

मी हँडल बोलतोय. मोटारसायकलचं हँडल.

गाडी स्वतः बोलली असती तर तुम्ही जास्त कौतुकानं ऐकलं असतं, हे मला ठाऊक आहे. पण तिला कुठला वेळ! ती रस्त्यावर असते. मी नांदेडला, तरोड्यातल्या एका घरी, जिन्याखालच्या भिंतीत ठोकलेल्या दोन खिळ्यांवर आडवा असतो. मला वेळच वेळ आहे. एका मास्तरांच्या हातात दोन वर्षं काढली, पण शिकलो काही नाही. सांगतोही जरा हळू. तेवढं सांभाळून घ्या.

आणि एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी जळका आहे. पुढं तुम्हाला ते कळणारच, मग लपवायचं कशाला?

माझा जन्म कारखान्यातला. सरळ नळी होती, ती तापवून वाकवली, वर चकाकीचा मुलामा दिला. मला ठेंगणा, रुंद आणि पुढं झुकलेला केला. क्रूझर म्हणतात तसल्या गाडीवर मला बसवलं. या गाडीची बसायची जागा खाली, पाय ठेवायचे पुढं, आणि मधे म्हशीच्या पाठीसारखी लांब टाकी. त्या टाकीच्या पलीकडं मी. माझ्यापर्यंत पोचायचं तर माणसाला हात लांब पाहिजेत.

अंबरीशचे होते. सहा फूट उंच पोरगा. पहिल्या नोकरीत त्यानं ही गाडी घेतली. दुकानात त्यानं आधी टाकीला नाही, सीटला नाही, मला हात लावला. आजही तो हात आठवतो. कोरडा, उबदार. चौकात थांबला की बोटांनी माझ्यावर ठेका धरायचा. रविवारी मला फडक्यानं पुसायचा, मग गाडीला टेकून फोटो काढायचा. फोटोत मी नेहमी पुढं असायचो. मला वाटायचं, या घरात दोनच माणसं महत्त्वाची आहेत, अंबरीश आणि मी.

तीन वर्षांनी त्याला बंगळुरूला नोकरी लागली. निघताना त्यानं किल्ली वडिलांच्या हातात दिली.

"बाबा, गाडी पडून राहू देऊ नका. चालवत जा. जशी आहे तशी सांभाळा, बस्स."

वडील म्हणजे रेणुकादास सर. नायगावच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं, आता घरी असतात. उंची पाच फूट तीन इंच. सगळं आयुष्य स्कूटरवर गेलेलं. त्यांना कुणी काही सांगितलं की ते फळ्यावरच्या गणितासारखं धरतात. 'जशी आहे तशी' म्हटल्यावर त्यांनी गाडीच्या आरशाचा कोनसुद्धा बदलला नाही. वाकून वाकून बघायचे बिचारे.

माझ्यापर्यंत पोचायला ते सीटच्या टोकावर सरकायचे, खांदे कानापर्यंत न्यायचे आणि मला पकडायचे. केवढं घट्ट! अंबरीशनं मला कधी इतकं घट्ट धरलं नव्हतं. तासाभरात त्यांच्या तळव्यांना घाम यायचा, तरी पकड सुटायची नाही. मी मनात म्हणायचो, बघा, याला म्हणतात माया.

महिन्यातून दोन रविवार सर लातूरला जायचे. तिथं त्यांची मोठी बहीण असते, तुळजाबाई. सगळे तिला आक्का म्हणतात. आक्काची नजर गेली आहे. पण तिला जगाची खबर पाहिजे, आणि वाचून दाखवायला दुसऱ्या कुणाचा आवाज चालत नाही. म्हणून सर पंधरा दिवसांचे पेपर पिशवीत घालून लोहा, अहमदपूर, चाकूर करत तीन तास गाडी चालवायचे. एसटीत त्यांना मळमळतं, लोह्याच्या पुढं त्यांचा जीव अर्धा होतो. गाडी आहे म्हणून आक्काला पेपर आहे, असं ते गणित होतं.

दुसऱ्या वर्षी चाकूरच्या अलीकडं बकऱ्यांचा कळप रस्त्यावर आला. सरांनी उजव्या हाताचा ब्रेक दाबायला बोटं आवळली, म्हणजे आवळायला गेले. बोटं वळलीच नाहीत. मी बघत होतो, ती माझ्यावर नुसती पडून होती. पायाच्या ब्रेकनं गाडी कशीबशी कडेला गेली आणि बाभळीत कलंडली. आरसा फुटला. सरांना खरचटलं. धनगर धावत आला.

"लागलं का हो, गुरुजी?"

"नाही, नाही. आम्हीच जरा घाई केली," सर म्हणाले. बकऱ्यांची माफी मागितल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

तसेच ते आक्काकडं गेले. मला ओट्याला लागून उभं केलं आणि शेजारी बसून पेपर उघडला. चार ओळी वाचल्या असतील, आक्कानं हात वर केला.

"दासू, पेपर कशानं कापायलाय रे?"

"वारं आहे, आक्का."

"वारं असतं तर मला लागलं नसतं? आंधळी हाय मी, बधिर न्हाई. हात दाखव."

तिनं त्यांचा उजवा हात चाचपला, एकेक बोट दाबत गेली. शेवटच्या दोन बोटांशी थांबली.

"ही थंड हायेत. कधीपासून?"

मग सरांनी सगळं सांगितलं. दोन वर्षं खांदा दुखतो, रात्री कुशीवर वळता येत नाही, तासाभरानं बोटं मरतात. बोटांचं घरी बोललो नाही, म्हणाले. बोललो तर चंद्रप्रभा, म्हणजे त्यांची बायको, गाडी विकायला लावेल. आणि हँडल बदलायचं तर ते अंबरीशचं आहे.

मी ऐकत होतो. खरं सांगतो, त्यांच्या बोटांचं मला फारसं वाटलं नाही. 'ते अंबरीशचं आहे' एवढंच कानात राहिलं, आणि बरं वाटलं.

आक्का म्हणाली, "पोराच्या हँडलासाठी स्वतःचा हात मोडून घेतोस? शहाणाच हायेस. गल्लीच्या टोकाला गुरुपादप्पा हाय, गाड्या नीट करतो. त्याला दाखव. न्हाईतर पुढच्या रविवारी येऊ नकोस. मी पेपराबिगर ऱ्हाईन, पण तुला उचलून आणल्याचं मला ऐकायचं न्हाई."

सरांनी पेपर पिशवीत घातला. गाडी ढकलतच गल्लीच्या टोकाला गेले.

गुरुपादप्पा निलंग्याकडचा. वयस्कर, जाडजूड, कानावर पेन्सिल. पत्र्याच्या शेडात एका बाजूला त्याचं काम, दुसऱ्या बाजूला बायको रत्नम्मा सीट शिवायची. त्यानं गाडी ठोकळ्यांवर सरळ उभी केली, सरांना वर बसवलं.

"सर, डोळे मिटा. खांदे सोडून द्या. हात जातील तिकडं जाऊ द्या. जिथं पडतील तिथं तुमचं हँडल."

सरांनी डोळे मिटले. दोन्ही हात उचलले आणि ते सरळ माझ्यावर येऊन पडले. अगदी नेहमीच्या जागी! मला नाचावंसं वाटलं. बघ म्हटलं, गुरुपादप्पा, बघ!

त्यानं मान हलवली. "हे माप न्हाई सर. ही सवय हाय."

"अय्यो," रत्नम्मा सुई तोंडात धरून म्हणाली, "आरामात बसा म्हणलं तर माणूस औताला जुंपल्यागत बसलंय."

पुन्हा केलं. पुन्हा हात माझ्यावरच. तिसऱ्यांदाही तेच. गुरुपादप्पा डोकं खाजवत म्हणाला, "सर, घरी सगळ्यात निवांत कधी बसता?"

"पेपर वाचताना."

"मग वाचा की. इथंच, गाडीवर."

सरांनी लाजत पिशवीतून पेपर काढला. सुरुवातीला ताठ होते. मग अर्धापूरच्या केळीची एक बातमी निघाली. कुणीतरी घड कापून नेले होते आणि चोर केळीच्याच बागेत झोपलेला सापडला होता. सर वाचत गेले. खांदे हळूहळू उतरले, कोपरं बरगड्यांशी आली. रत्नम्मानं शिवण थांबवली.

"मग? उठला का मेला?"

"थांबा, पुढच्या पानावर आहे."

ते पान उलटायच्या आत गुरुपादप्पानं त्यांच्या मुठींपाशी एक तार धरली आणि हळूच म्हणाला, "सर, आता पेपर असाच मांडीकडं उतरवा. आणखी जरासा. हां. मुठी हलवू नका."

मुठी थांबल्या तिथपर्यंत त्यानं तार वाकवली आणि तो वेडावाकडा आकार भिंतीला टांगला. माझ्यापासून तो वीतभर मागं होता आणि चांगला चार बोटं वर. त्या तारेकडं बघताना मला पहिल्यांदा भीती वाटली.

मग त्यानं मागच्या खोलीतून दुसरं हँडल आणलं. उंच, मागं वळलेलं, बसायला पाट मांडल्यासारखं. खाली दोन ठोकळे लावले, क्लच-ब्रेकच्या वायरी लांब घातल्या, पायांचे आधार मागं घेतले. रत्नम्मानं सीटचा फोम कापून मागची बाजू उचलली. मला काढायला किती वेळ लागला म्हणता? चार बोल्ट. पाच वर्षांचा संसार, आणि चार बोल्टांत मी सुटलो.

"जुनं भंगारात देऊ का?" गुरुपादप्पानं विचारलं.

"नको, नको," सर घाईनं म्हणाले. "मुलाचं आहे."

मला पेपरात गुंडाळून मागच्या सीटवर दोरीनं बांधलं. तसा मी लातूरहून नांदेडला आलो. कागद एका बाजूनं फाटला होता, त्यातून मला दिसत होतं. दोन वर्षं मी सरांची छाती पाहिली होती, हनुवटी पाहिली होती. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांची पाठ पाहिली. ती सरळ होती. अहमदपूरच्या पुढं सर गुणगुणायला लागले. माझ्यासोबत ते कधी गुणगुणले नव्हते. मला वाटलं, दोरी सुटावी आणि मी रस्त्यात पडावं.

पुढचे आठ महिने मी गोणपाटात काढले. आणि जळलो. दुसरा शब्द नाही.

सर आता दर रविवारी लातूरला जायला लागले. एकदा तर चंद्रप्रभाबाईही मागं बसून गेल्या. त्या! ज्यांनी माझ्या वेळी त्या गाडीला कधी बोटही लावलं नव्हतं. परत आल्या तर म्हणाल्या, "अहो, हे तर आरामखुर्चीसारखं आहे हो." खंडेनवमीला गाडी धुतली, त्या हँडलाला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. मला गोणपाटातून झेंडूचा वास येत होता. मी मागितलं काय, तर त्याला गंज चढावा. त्याची वायर तुटावी. आणि कधी कधी, हे सांगायला जीभ जड होते, सरांचा खांदा पुन्हा दुखावा. म्हणजे त्यांना कळलं असतं, दोष माझा नव्हता.

एका गोष्टीचाच आधार होता. सरांनी अंबरीशला सांगितलं नव्हतं. फोनवर तो गाडी दाखवा म्हणाला की सर मागचं चाक दाखवायचे. तो म्हणाला, बाबा पुढून दाखवा, तर सर म्हणायचे, "इकडं उजेड नाही." भर दुपारी!

मग कळलं, अंबरीश चार दिवसांसाठी येतोय. गुरुवारी सरांनी मला गोणपाटातून काढलं. माझ्या जिवात जीव आला. नाक्यावरच्या मेकॅनिककडं नेलं.

"हे पुन्हा बसवून द्या, पायांचे आधारही पहिल्यासारखे पुढं घ्या. आणि वरचं काढून माझ्याकडं द्या."

"सर, इतकं छान बसलेलं कशाला काढायलाव? लोक उलटं करून घेतात."

"मुलगा येणार आहे."

मेकॅनिकला काही समजलं नाही. मला सगळं समजलं. ते नवं हँडल घरी येऊन पलंगाखाली गेलं. चंद्रप्रभाबाईंनी ते बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"तीस वर्षं गणित शिकवलंत म्हणे. कुठल्या वर्गाचं? पोराला बापाचा हात दिसणार नाही, हँडल तेवढं दिसणार होय?"

"चार दिवसांचा तर प्रश्न आहे, प्रभा. त्यानं एकच गोष्ट सांगितली होती."

शनिवारी सकाळी सर मला घेऊन स्टेशनवर निघाले. माझा दिवस होता तो. पण खांदे वर गेले, ते पुढं सरकले आणि त्यांनी मला पकडलं, तेव्हा काहीतरी वेगळं लागलं. पकड तीच होती, घट्ट. पण आठ महिने मी कुणाच्या हातात नव्हतो म्हणून असेल, मला नीट कळलं. वजिराबादपर्यंत पोचायच्या आत करंगळी गार पडली. मग शेजारचं बोट. तळव्यात एक बारीक थरथर सुरू झाली आणि ती लपवायला त्यांनी मूठ आणखी आवळली. घट्ट धरण्याला मी माया समजत होतो. ते बिचारे नुसते पडू नये म्हणून धरत होते.

इतक्या दिवसांनी मला हवं ते मिळालं होतं, आणि मला वाटत होतं स्टेशन लवकर यावं.

येताना गाडी अंबरीशनं घेतली. तोच कोरडा, उबदार हात. पण दारात उतरला आणि त्यानं दोन्ही मनगटं झटकली.

"बाबा, अजून हेच हँडल वापरता तुम्ही? मला वाटलं, पहिल्या महिन्यातच बदललं असेल."

सर म्हणाले, "तूच म्हणालास ना, जशी आहे तशी सांभाळा."

"अहो, ते मी सर्व्हिसिंगचं म्हणालो. नाक्यावरच्या कुणाला खोलू देऊ नका, एवढंच. माझीच मनगटं भरून यायची यानं. फोटोत भारी दिसायचं म्हणून ठेवलं होतं."

फोटोत भारी दिसायचं म्हणून. ऐकलंत? मी पाच वर्षं स्वतःला काय समजत होतो!

चंद्रप्रभाबाईंनी पलंगाखालून ते दुसरं हँडल ओढून आणलं आणि अंगणात ठेवलं. लातूर, बकऱ्या, बाभळी, सगळं सांगितलं. बाभळीचं त्यांना आक्काकडून कळलं होतं, हे सरांना तेव्हाच समजलं. सांगता सांगता त्या हसायला लागल्या, आणि हसता हसता पदर डोळ्याला लावला. "बाप लेकाला विचारीना, लेक बापाला सांगेना. आणि मी मधे खांद्याला तेल चोळायला."

अंबरीश हसला नाही. त्यानं वडिलांचा उजवा हात घेतला आणि ती दोन बोटं स्वतःच्या मुठीत धरली. बराच वेळ धरली. सर हात सोडवायला लागले.

"अरे, आता काही नाही. सकाळचं आहे जरा."

"बसा बाबा तिकडं," तो म्हणाला आणि पाने घेऊन आला.

मला त्यानं काढलं. ज्या हातानं मला पहिल्यांदा पसंत केलं, त्याच हातानं. एकेक बोल्ट सैल होत होता आणि मी ओरडलो नाही, अडून बसलो नाही. सुटलो. त्यानं मला शर्टाच्या टोकानं एकदा पुसलं आणि बाजूला ठेवलं. मग ते नवं चढवलं, पायांचे आधार मागं घेतले, सरांना बसवलं, आणि पुन्हा पुन्हा विचारत राहिला, "आता? अजून जरा मागं? खांदा कुठं ओढतोय का?" सर म्हणायचे, बरं आहे. तो म्हणायचा, बरं नको, नीट सांगा. तासभर बापलेकांचं तेच चाललं होतं. इतकं बोललेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी अंबरीशनंच हे दोन खिळे ठोकले. तेव्हापासून मी इथं आहे. चंद्रप्रभाबाई माझ्या एका टोकाला लसणाच्या जुड्या अडकवतात, दुसऱ्या टोकाला छत्री. मुलामा दोन ठिकाणी उडालाय. तक्रार नाही.

तुम्हाला एकच सांगायचं आहे. घरात कुणाच्या तरी नावानं सांभाळलेली अशी एखादी वस्तू असेल, जी रोज तुमचं अंग दुखवते, तर ज्याच्यासाठी सांभाळता त्याला एकदा विचारा. फोनवर विचारलंत तरी चालेल. त्या वस्तूचं मनावर घेऊ नका. ती रुसेल, जळेल, मग हळूहळू लसूण सांभाळायला शिकेल.

मी सुधारलो असं मात्र समजू नका. रविवारी सकाळी गाडी सुरू झाली की अजून जळतो. जिन्याखालून फाटक दिसतं. सर गाडी बाहेर काढतात, पाठ सरळ, खांदे खाली. वळण घेताना उजवा हात त्या नव्या हँडलावर तसाच ठेवतात आणि डावा उचलून बाईंना निरोप देतात, निवांत, मागं न बघता. माझ्यावर असताना त्यांना एकही हात मोकळा करता आला नव्हता.

मी तो हात रस्ता वळेपर्यंत बघतो.